गुरुवारचं चॅनेल

आमच्या चिखलीत सुट्टीचा रविवार हा शाळेचा आणि बँकेचा. कामावर जाणाऱ्यांचा वार गुरुवार. त्या दिवशी एमआयडीसीची वीज बंद असायची, म्हणून कंपन्यांना सुट्टी, आणि कंपन्यांना माल पुरवणारी आमच्या आजूबाजूची लहान वर्कशॉपंही त्याच दिवशी कुलूप लावायची. बाकीचे सहा दिवस आम्ही प्रेसच्या ठोक्यात जगायचो. पत्रा कापणारं ते मशीन सारखं धाडकन आपटायचं, मांडणीतली भांडी एकमेकांना लागायची, आणि आई दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत बोलायला शिकली होती. गावी लातूरला गेलो की तिथेही ती तशीच तुटक बोलायची आणि मावश्या तिची नक्कल करायच्या. गुरुवारी मला जाग यायची ती शांततेने. मग आईच्या धपाट्यांचा वास. धपाट्याचं पीठ ती काळा मसाला, लसूण आणि भरपूर तीळ घालून मळायची, आणि ओल्या फडक्यावर थापताना होणारा थप थप आवाज हा आमच्या घरातला गुरुवारचा पहिला आवाज.

माझे वडील, म्हणजे नाना, चाकणच्या एका कंपनीत टूलरूमला, साचे आणि हत्यारं बनवतात तिथे, फिटर होते. त्यांना मास्तर व्हायचं होतं. डी.एड.ला नंबर लागला नाही, म्हणून आयटीआय केलं आणि पिशवी घेऊन इकडे आले. हे त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही, आईने सांगितलं, तेही एकदाच. पण दर गुरुवारी सकाळी शाळेच्या आधी आमच्या ओट्यावर गल्लीतली सात-आठ पोरं गणिताच्या वह्या घेऊन बसलेली असायची. कंपनीतले रद्द झालेले ड्रॉइंगचे कागद नाना विचारून घरी आणायचे, त्यांच्या कोऱ्या पाठीवर त्यांची भूमिती चालायची. पोरं चुकली तरी आवाज चढत नसे. "बघ की," एवढंच म्हणायचे, आणि पेन्सिल परत पोराच्या हातात द्यायचे. आज मी स्वतः चाकणला एका कंपनीत प्रॉडक्शन प्लॅनिंग बघते, माझ्या हाताखाली बारा माणसं आहेत, आणि मला ती एक गोष्ट अजून जमलेली नाही. माझा आवाज चढतो.

चॅनेल बाळूशेठचं. गावातलं जुनं घराणं, थोडी जमीन कंपन्यांत गेली, उरलेल्यावर चाळी आणि वर्कशॉपचे गाळे, आणि एका गाळ्याच्या माडीवर केबलचा धंदा. केबलवर त्यांनी एक शैक्षणिक चॅनेल काढलं होतं. त्यांचं स्वतःचं शिक्षण नववीत थांबलेलं, आणि ते अभिमानाने सांगायचे, "आमी शिकलो न्हाई म्हणून काय झालं, आमच्या वायरीतून लोक शिकत्यात." स्टुडिओ म्हणजे माडीवरची एक खोली. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना जुन्या गाद्या बांधलेल्या, एक फळा, एक टेबल, एक कॅमेरा. खाली प्रेस असल्यामुळे आठवडाभर तिथे काही रेकॉर्ड करता येत नसे, जुन्या टेपाच फिरत राहायच्या. थेट कार्यक्रम फक्त गुरुवारी. सगळे बापही गुरुवारी घरी टीव्हीसमोर, त्यामुळे जाहिरातवाल्यांनाही गुरुवारच हवा असायचा.

मी तेव्हा अकरावीत होते आणि मराठी टायपिंगची परीक्षा पास झाले होते. म्हणून बाळूशेठनी मला पट्टी टाइप करायला ठेवलं. पट्टी म्हणजे पडद्याच्या खालच्या बाजूला सरकणारी अक्षरं: कार्यक्रमाचं नाव, शिकवणाऱ्याचं नाव, जाहिरात. महिन्याभरात मी दिवसाचा तक्ताही करायला लागले. आधी तिथे कशाचाच मेळ नव्हता, विज्ञानाच्या जागी वास्तुशास्त्राची टेप लागायची. मी वही घातली. सकाळी सहाला भजन, सातला योगासनं, आठला इंग्रजी संभाषण, नऊला पाचवी-सातवीची उजळणी, अकराला विज्ञान, साडेबाराला पाककृती, एकला शेती आणि दुग्धव्यवसाय, दोन ते चार दहावीचं गणित, साडेचारला शिवणकाम, सहाला नोकरीविषयक माहिती, सातला परत भजन. प्रत्येकासमोर टेपचा नंबर, सुरुवातीचा आकडा, शेवटचा आकडा, आणि कोणती पट्टी कधी टाकायची ते. ती वही मला फार आवडायची. तिच्यात काही चुकत नसे.

दहावीच्या परीक्षेआधीच्या एका गुरुवारी दोन ते चार भूमिती होती, थेट, घरून फोन करून शंका विचारायच्या. शिकवणार होते भोपे सर. त्यांचा क्लास नुकताच वाढत होता आणि चॅनेलची सर्वांत मोठी जाहिरात त्यांचीच. दीड वाजता नाना माझा डबा घेऊन आले. अंगात कंपनीचा शर्ट, कारण सुट्टीच्या दिवशीही त्यांच्याकडे धड दुसरा शर्ट नसायचा, आणि पायात स्लिपर. मी डबा उघडते तोच फोन वाजला. भोपे सर राजगुरुनगरला नव्या शाखेचं उद्घाटन करायला गेले होते आणि येताना चाकणच्या चौकात अडकले होते. "तुम्ही सुरू करा, मी पोचतोच," ते म्हणाले. कोणी सुरू करायचं, ते त्यांनी सांगितलं नाही.

बाळूशेठनी घड्याळाकडे पाहिलं, मग नानांकडे. "मास्तर, तुमी पोरांना शिकवता म्हणं?"

"घरी, बसल्या बसल्या," नाना म्हणाले. "टीव्हीवर कसं जमंल, शेठ?"

"टीव्हीवर काय येगळं अस्तंय? उभं ऱ्हायचं आन् बोलायचं."

"अंगात कंपनीचा शर्ट हाय. नाव दिसंल खिशावरचं. साहेबांनी बघितलं तर उगंच लफडं."

"मग थोबाड नगं दाखवायला. निस्ते हात दाखवू. टेबलावर कॅमेरा लावतो, तुमी हातानं शिकवा," बाळूशेठ म्हणाले, आणि कॅमेऱ्याचं तोंड खाली वळवलं सुद्धा.

नानांनी हात धुतले. मग खाली जाऊन वर्कशॉपच्या वॉचमनकडून दोन वस्तू मागून आणल्या: एक व्ही-ब्लॉक, म्हणजे इंग्रजी व्हीसारखी खाच असलेला लोखंडी ठोकळा, ज्याच्यात घडवायचा गोल तुकडा ठेवतात, आणि काटकोन तपासायचा एक छोटा गुण्या. गोल रॉडचा तुकडा खाचेत ठेवला आणि त्यांनी सुरुवात केली. वर्तुळाच्या बाहेरच्या बिंदूपासून काढलेल्या दोन स्पर्शिका सारख्या लांबीच्या असतात, हे प्रमेय. पुस्तकात त्याला अर्धं पान लागतं आणि कोणाला काही दिसत नाही. नानांनी खाचेच्या तळावर बोट ठेवलं. "हा बाहेरचा बिंदू. इथून दोन भिंती निघाल्या. रॉड दोन्ही भिंतींना टेकलाय. एका बाजूला तळापासून लांब आणि दुसऱ्या बाजूला जवळ, असं टेकंल का? टेकला तर रॉड सरळ बसंल का? बघा की." खोलीत आम्ही तिघंच होतो आणि बाळूशेठ तोंड उघडं ठेवून ऐकत होते.

पडद्याच्या खाली मात्र मी सकाळीच तयार करून ठेवलेली पट्टी सरकत होती: 'भूमिती – मार्गदर्शक प्रा. भोपे सर'. मी नवी ओळ टाइप केली, 'शिकवत आहेत: माणिक सूर्यवंशी', आणि बाळूशेठना हळूच विचारलं, "बदलू?"

"राहू दे. जाहिरात त्यांची हाय," ते म्हणाले.

मी ती ओळ पुसली. परत विचारलं नाही. पुढे मला ज्यांचा ज्यांचा राग आला त्या हिशेबात ही पहिली गोष्ट येते, आणि ती दुसऱ्या कोणाची नाही, माझी आहे.

मग फोन आला. भोपे सरांच्याच क्लासची एक मुलगी होती. "सर, क्लासमध्ये तुम्ही हे वेगळं शिकवलं होतं. आणि सर, तुमचा आवाज बसलाय का?"

नाना हसले. "बाळ, मी सर न्हाई. मी टूलरूमला फिटर हाय. सर रस्त्यात अडकलेत. पण तू फोन ठेवू नको. हा कोन नव्वदचा कामून, ते आधी लिहून घे, न्हाई तर पुढचं सगळं हवेत." त्यांनी गुण्या रॉडला लावला. "त्रिज्या जिथं स्पर्शिकेला टेकते तिथं ती काटकोनातच टेकते. हे कारण लिहिल्याबिगर त्रिकोण एकरूप म्हणायचं न्हाई. लिहिलंस?" "लिहिलं, सर," ती म्हणाली. नानांनी गुण्या उचलून बाजूला ठेवला, हात टेबलावरून बाहेर गेला, आणि क्षणभर पडद्यावर फक्त ठोकळा आणि रॉड राहिले. मग हात परत आला आणि प्रमेय पुढे सुरू झालं.

भोपे सर पावणेचारला आले. नाना उठून उभे राहिले. सरांनी केस नीट केले, कॅमेरा वर करायला लावला आणि म्हणाले, "तर विद्यार्थी मित्रांनो, आपण आत्ता आमच्या क्लासची ही प्रात्यक्षिक पद्धत पाहिली." आमच्या क्लासची. नाना दाराशी उभे होते, हातात माझा रिकामा डबा. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी बोटाने खूण केली, जातो म्हणून, आणि जिना उतरून गेले. घरी आईने टीव्ही लावलेलाच होता. तिने हात ओळखले, आवाज ओळखला आणि सगळ्या गल्लीला बोलावून आणलं. संध्याकाळी मला एवढंच म्हणाली, "पट्टीवर नाव त्या सराचं कसं काय गं?" मी म्हटलं, जाहिरात त्यांची आहे. बाळूशेठचंच वाक्य, बाळूशेठच्याच सुरात.

दुसऱ्या दिवशी भोपे सरांनी टेप मागितली. पेपर होईपर्यंत ती दिवसातून दोन वेळा लावायची ठरली. फक्त तो फोन नको, त्याने विद्यार्थ्यांचा गोंधळ होईल, असं त्यांचं म्हणणं. बाळूशेठनी मला सांगितलं, "फोनपासून 'आधी लिहून घे' पावतर काढ." हे काम माझं होतं आणि मी ते माझ्या पद्धतीने केलं. एका व्हीसीआरवर टेप चालवायची, आकडे वहीत लिहायचे, दुसऱ्यावर तेवढा भाग सोडून उतरवायची. पण सांगितलेल्या ठिकाणी कापलं की चित्राला झटका बसत होता. गुण्या एकदम हवेतून उगवल्यासारखा दिसायचा. मला ते घाणेरडं वाटलं. मी टेप पुढे नेली आणि जिथे हात बाहेर जातो आणि पडदा स्थिर राहतो, तिथला आकडा लिहिला. जोड इतका स्वच्छ बसला की बाळूशेठ म्हणाले, "कळतबी न्हाई गं!" मी खूश झाले. वहीत लाल पेनाने चौकट केली. भोपे सरांनी ती टेप स्वतः बसून पूर्ण पाहिली आणि मान हलवली. गणिताचे प्राध्यापक! आजही त्यांचं नाव मोठ्या फलकांवर दिसतं, वाकडला माझ्या सोसायटीसमोरच एक लागलेला आहे, आणि मी गाडी काढताना रोज त्याच्याकडे पाठ करते.

त्या दिवसांत मला सगळ्यांचा राग यायचा. भोपे सरांचा, बाळूशेठचा, आणि सर्वांत जास्त नानांचा. टेप लागली की ते जेवता जेवता पहिली पाच मिनिटं बघायचे आणि ताट उचलून उठायचे. "तुम्ही काहीच कसं बोलत नाही?" मी एकदा ओरडले. "तुमचा आवाज, तुमचे हात, आणि नाव त्याचं!"

"लेकरांना समजलं ना?" ते म्हणाले. "मग राहू दे की."

"राहू दे, राहू दे! म्हणूनच तुम्ही मास्तर झाला नाहीत."

आईच्या हातातली पळी थांबली. पाणी पिऊन नानांनी पिशवी उचलली आणि चप्पल घातली. माझा राग आणखी वाढला.

भूमितीच्या पेपरच्या आदल्या दिवशी, बुधवारी, नानांची दुसरी पाळी होती. सकाळी मागच्या गल्लीतल्या एक बाई त्यांच्या पिंकीला घेऊन आल्या. ओट्यावर येणाऱ्यांतली ती नव्हती. क्लासच्या सराव परीक्षेत तिचे त्या प्रमेयाचे मार्क कापले होते आणि का ते कोणी सांगत नव्हतं. नानांनी वही बघितली. "पोरी, इथं काटकोन कुठनं आणलास? कारण लिहिलं न्हाईस."

"कारण नसतं तिथे," पिंकी म्हणाली. "डायरेक्ट त्रिकोण एकरूप. टीव्हीवर भोपे सरांनी तसंच दाखवलंय, मी तीन वेळा बघितलंय. तुम्हाला नाही माहीत, काका."

तिची आई तिला दटावायला लागली. नाना हसले नाहीत. त्यांनी टीव्ही लावला. टेप सकाळी अकराला लागायची, ती सुरू होतीच. आत्तापर्यंत त्यांनी पहिल्या पाच मिनिटांपुढे कधी पाहिलं नव्हतं. आज ते टीव्हीसमोर उभे राहिले. हात पडद्याबाहेर गेला, परत आला, आणि टीव्हीतला त्यांचाच आवाज म्हणाला, "म्हणून दोन्ही त्रिकोण एकरूप." मी त्यांच्या मागे उभी होते. त्यांची मान लाल होताना मी पहिल्यांदा पाहिली.

त्यांनी पिंकीला कारण लिहून दिलं, शर्ट चढवला आणि निघाले. मी मागे धावले. माडीवर बाळूशेठ चहा पीत होते. खाली प्रेस चालू होती, दर ठोक्याला बशी हलत होती.

"शेठ, टेपीत नव्वदचा कोन न्हाई," नाना म्हणाले.

"काय न्हाई?"

"काटकोनाचं कारण! कापलंय कोणी तरी!" नाना ओरडले. मी त्यांना कधी ओरडताना ऐकलं नव्हतं, आणि प्रेसमुळे ओरडत होते असंही नाही. "टेप तुमची हाय, चॅनेल तुमचं हाय. नाव बी त्या सराचं घाला, मी एका शब्दानं बोललो का? पण लेकरांना अर्धं शिकवायचं? उद्या पेपर हाय! काय लिहितील ती?"

"ओ मास्तर, सरांनी स्वतः बघून पास केलीय टेप."

"मग त्या सराला बी बसवा माझ्या ओट्यावर!"

बाळूशेठनी हात झटकले. "मला काय कळतंय त्यातलं? वहीत लिवलंय तसं केलंय. ही घ्या वही." आणि त्यांनी माझी वही नानांच्या हातात दिली. लाल चौकट, सुरुवातीचा आकडा, शेवटचा आकडा, समोर माझ्या अक्षरात 'जोड उत्तम'. नाना बघत राहिले. मग वही मिटून टेबलावर ठेवली. माझ्याकडे पाहिलं नाही.

"कॅमेरा लावा," ते म्हणाले.

"आज? आरं, खाली मशीन चाललीय, घंटा काय ऐकू येतंय."

"लावा. फळ्यावर लिहितो."

बाळूशेठ का तयार झाले, ते मला नीट सांगता येत नाही. कदाचित घाबरले असतील. गरीब माणूस चिडला की लोक एक पाऊल मागे सरकतात, तेवढ्यापुरते. टेप थांबली, कॅमेरा सुरू झाला. या वेळी नानांनी कॅमेरा खाली करायला सांगितलं नाही. कंपनीचा शर्ट, खिशावरचं नाव, सगळं दिसत होतं. त्यांनी फळ्यावर आकृती काढली, कारण मोठ्या अक्षरात लिहिलं, त्याखाली दोन रेघा मारल्या. मग कॅमेऱ्याकडे वळून, प्रेसच्या दोन ठोक्यांच्या मधल्या जागा शोधत, एकेक तुकडा बोलले. "मी माणिक सूर्यवंशी... टूलरूम फिटर... तुमी टीव्हीवर जे बघितलं... ते मी शिकवलं होतं... त्यात एक पायरी राहिली... ही चूक माझी... कुणी वहीत उतरवून घेतलं असंल... त्यांनी आत्ता नीट करून घ्या."

मी कॉम्प्युटरसमोर होते. खाली अजून 'मार्गदर्शक प्रा. भोपे सर' सरकत होतं. या वेळी मी कोणाला विचारलं नाही. ती ओळ काढली आणि टाइप केलं: 'चूक दुरुस्ती – माणिक सूर्यवंशी'. इतके दिवस मला नानांचं नाव पडद्यावर हवं होतं. ते आलं, आणि त्याच्या आधी 'चूक' हा शब्द होता, आणि चूक माझी होती. पुढच्या गुरुवारपासून पट्टीला बाळूशेठनी दुसरी मुलगी ठेवली, आणि वही मला परत दिली नाही.

नानांची बस सव्वादोनला चौकातून सुटायची. आम्ही चालत तिथपर्यंत आलो. त्यांनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, मी टपरीवरून वडापाव आणून त्यांच्या हातात दिला, तो त्यांनी कागदासकट पिशवीत टाकला. मला वाटत होतं की आता ते काहीतरी बोलतील, आणि त्यांनी बोलावं असं मला मनापासून वाटत होतं. एक शिवी जरी दिली असती तरी चाललं असतं. बस दिसली. बाकीचे कामगार पुढे सरकले. कोणीतरी ओरडलं, "काय मास्तर, टीव्हीवर आलता म्हणं!" नानांनी मान हलवली. पाय पायरीवर ठेवून ते थांबले आणि माझ्याकडे वळले.

"आज दुपारी किती लेकरं घरी नसतील गं? टेप बघितलेली, आणि मघाशी टीव्हीसमोर नसलेली?"

दरवाजा लागला, बस चाकणच्या रस्त्याला लागली, आणि मी आधी मागच्या गल्लीकडे धावत सुटले, दारं ठोठावून ते राहिलेलं कारण सांगायला. सहा वाजेपर्यंत मी जितकी दारं ठोठावली, त्यांतल्या बऱ्याच घरांत मुलं नव्हती. ती भोपे सरांच्या क्लासला गेली होती.